वरच्या थरातली चाकं

३ फेब्रु. ८६
कारखान्यात ग्राइंडिंगच्या चाकांचा नवा माल तयार, तपासणी माझ्याकडे. वीस चाकं काढली, लोखंडी डब्यात दीडपट वेगाने फिरवली. एकही फुटलं नाही. शून्य परिकल्पना, म्हणजे आधी धरून चालायचं ते: माल चांगला. नाकारायला आधार नाही. सही केली. मॅनेजर सबनीससाहेब खूश. मला इतकं सरळ काही पचत नाही.

४ फेब्रु.
सकाळी आई टोपली भरत होती. कालची सुरमई खाली, ताजी वर. म्हटलं, गिऱ्हाइकाला कळत नाही?
"टोपली कोन उलटी करतंय गो?"
मी कोळ्याची पोर, बी.एस्सी. झालेली, आणि वीसच्या वीस चाकं वरच्या थरातली उचलली! थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

५ फेब्रु.
पेट्या रिकाम्या करायला लावल्या. प्रत्येक चाकावर खडूने आकडा, चिठ्ठ्या काढून वीस निवडली. तीन फुटली. शंभरात एखादं चालतं, इथे विसात तीन! एका तुकड्याने डब्याला आतून पोचा पाडला. माणसाच्या कपाळाला डबा नसतो.
गोदामातला तावडे माझं मनगट पिरगळून म्हणाला, "वरचीच उचलायची पद्धत आहे, मॅडम." नडगीवर लाथ घातली. लंगडत गेला. बरं वाटलं.

६ फेब्रु.
सबनीस: "पातळी किती धरलीस?"
"पाच टक्के."
"म्हणजे चांगला माल वाईट ठरवायची सवड पाच टक्के. आपला माल त्या पाचात. कालची तुझी सही आहेच."
तीन तारखेची, कालची नव्हे. पण माल गेला. कुर्ल्याच्या वर्कशॉपला. नामा तिथेच. माझा भाऊ, दिवसभर या चाकांवर ओणवा.
घरी येऊन त्याला म्हटलं, उद्या जाऊ नको. "खाडा टाकला तं मुकादम काढंल, बाय." ऐकेना. जुनी चाकं शनिवारपर्यंत पुरतील म्हणाला.

८ फेब्रु.
कुर्ल्याला गेले. मुकादमाला आकडे समजावले. "ओ बाई, हिशेब घरी करा." नामा नवं चाक चढवायला निघालेला. घण दिसला. उचलला. मडकी फुटावीत तशी चाकं फुटत गेली, पेट्याच्या पेट्या. मुकादमाने केसांना धरून भिंतीवर आपटलं. मी त्याच्या दंडाला चावले, रक्त येईपर्यंत. ओठ फाटलाय. नामा मध्ये पडला, त्यालाही चौघांनी तुडवला.

९ फेब्रु.
नामाला काढलं. मला म्हणाला, "जीव वाचवलास का पोटावर मारलंस?"
सबनीसांचा निरोप आला: चाकं सगळी चांगली होती, नाहीतर वाईट होती हे सिद्ध कर. उद्या मला पोलीसचौकीत बोलावलंय. तुकडे डब्यात फिरवता येत नाहीत. किती वाईट होती, आता कोणालाच कळायचं नाही. मी स्वतःच पुरावा कुटला. हातात घण असता तर आजही तेच केलं असतं.
नामा अंगणात बसलाय. पाठीला हळद. दोन्ही डोळे शाबूत.