खुंटीवरचा कंदील

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार

आज पुन्हा! आणि तेही न्हाव्याच्या खुर्चीत. अर्धी दाढी झाली होती. त्याने गळ्याभोवतीचं फडकं जरा आवळलं आणि झालं — श्वास आत जाईना. हात बधिर, कानात घूं घूं. मेलो, म्हटलं. फडक्यासकट बाहेर पळालो. हरिपूरच्या भर रस्त्यात एका गालाला साबण, दुसरा गाल चकाचक! लोक हसले. हसू देत.

रंगुबाईने दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे म्हणे जबर लागलीय. बायकोच्या मुठीत मीठ-मोहऱ्या, माझी अर्धी दाढी. बेचाळीस वर्षांचा मुकादम. शोभा!

४ नोव्हेंबर

सांगलीला डॉक्टरांकडे. तिसऱ्यांदा कार्डिओग्राम. 'हृदय घोड्यासारखं आहे, आकाराम.' मग हा घोडा उधळतो कशाला? यांनीच मागे सांगितलं होतं, झटका आला की तारीख-वेळ लिहून ठेवा. त्यातूनच ही वही लागली हाताला.

म्हणाले, दर गुरुवारी इथे शरयूताई बसतात, त्यांच्याशी बोला. बोलून दुखणं बरं झालं असतं तर आमच्या गल्लीत कोणी आजारीच पडलं नसतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो. दवाखान्यामागची बारकी खोली, दोन खुर्च्या, एक माठ. शरयूताई मूळच्या वाईच्या, तिशीतल्या. गोळी नाही, सुई नाही. नुसतं विचारतात.

'भीती आली की काय करता?'

'पळतो.'

'मग जाते?'

'जाती की. पर परत येती.'

तर म्हणाल्या, मग तिला घालवायचं आपण सोडून देऊ. मी उठलोच! हाकलायला आलोय मी, पाहुणचार करायला नाही. पण बाई शांत. 'दोन वर्षं हाकलून पाहिलंत. न्हावी सुटला, लग्नकार्यं सुटली, एसटी सुटली. अजून काय काय सोडायचं?'

बसलो परत.

भीती आत्ता कुठे आहे, विचारलं. गळ्याखाली. केवढी? लिंबाएवढी. हलते? हलते. गार की गरम? असले प्रश्न मला जन्मात कोणी विचारले नव्हते. पण इथे खरं लिहितो — ती गेली नाही, आणि तरी सांगता सांगता श्वास चालू होता.

९ नोव्हेंबर

आज दोनदा. आंघोळीत आणि देवळात. दोन्हीकडून पळालो. लिंबूबिंबू काही आठवलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शरयूताईंना पेव म्हणजे काय ते ठाऊक नाही! वाईच्या माणसाला कुठून असणार. मग सांगितलं. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. वर माणूस कसाबसा मावेल एवढं तोंड, खाली वीस-बावीस फूट खोल, पोटात ऐसपैस. आत पाला-पेंढा अंथरून हळद भरायची, तोंड मातीने लिंपायचं. वर्ष वर्ष हळद खराब होत नाही. पण आतली हवा मारते. म्हणून तोंड फोडलं की आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला, तर थांबायचं. जळत राहिला, तरच माणूस उतरवायचा. माझ्या आज्यापासून ही रीत.

'आणि दोन वर्षांपूर्वी काय झालं?'

सांगितलं. मार्गशीर्षात पेव फोडलं. माझा धाकटा भाऊ अर्जुना उतरला. कंदील सोडला होता, जळत होता. तरी तो खाली गेला आणि पडला. दैव. दुसरं काय.

त्यांनी मान हलवली. 

१४ नोव्हेंबर

दिवसभर लिंबू. लिंबू कसलं, नारळ.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मेढ्याहून कार्ड आलं. विजयमालाचं, अर्जुनाच्या बायकोचं. अर्जुना गेल्यावर ती महिन्याभरात माहेरी गेली, ती तिकडचीच झाली. चारच ओळी. ७ डिसेंबरला दुसरं श्राद्ध आहे. 'भावजी, या खेपेला तुम्ही स्वतः या. तुमच्यापाशी एक बोलायचं आहे. पत्रात लिहिता येत नाही.'

काय बोलायचंय? काय?

पुन्हा पुन्हा वाचत बसलो, तेव्हा रंगुबाईने कार्ड काढून घेतलं. 'आवं, जावा की! लेकरागत सांभाळलं तिनं तुमच्या भावाला.' म्हणूनच तर, बाई. म्हणूनच तर!

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज शरयूताईंनी सहज विचारलं, 'कंदील विझला तर आतली हवा काढायला तुम्ही काय करता?'

'काय बी न्हाई. तोंड उघडं ठेवायचं आणि काठावर बसायचं.'

'खाली उतरायचं नाही?'

'न्हाई.'

'आणि तोंड पुन्हा बुजवायचं?'

'छ्या! बुजवलं तर हवा तिथंच ऱ्हाणार.'

'मग भीतीचंही तेवढंच करू या का? काठावर बसू.'

मीच शिकवलं आणि बाईने मलाच विकलं! दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर हसलो असतो. पण मला काठ दिसला. तो काठ. तिथे मी बसलो नव्हतो. घाम फुटला, खुर्चीची लाकडं धरली, 'दार, दार' म्हणालो. त्यांनी दार सताड उघडलं आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. धरलं नाही. 'जायचं असेल तर जा. थांबायचं असेल तर मी आहे.' किती वेळ गेला कोण जाणे. गेलो नाही मी. दोन वर्षांत पहिल्यांदा पळालो नाही.

मेलोही नाही!

२१ नोव्हेंबर

१३ तारखेला वर जे लिहिलंय ते खोटं आहे. स्वतःच्या वहीतसुद्धा खोटं लिहिलं मी. पंचनाम्यात जे सांगितलं तेच इथे उतरवलं.

खरं असं. पेव फोडलं तेव्हा मी शेडात कंदील आणायला गेलो. खुंटी रिकामी. बाहेर व्यापाऱ्याचा ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय. शोधायला हवा होता. शेजारच्या शेडातून मागता आला असता. नाहीतर नुसतं थांबायला हवं होतं. अर्जुनाने विचारलं, 'दादा, कंदील?' मी म्हणालो, 'कालच्या पेवात काय झालं न्हाई, आज काय हुतंय? उतर.'

उतर म्हणालो. मी.

त्याने दोरी कमरेला बांधली आणि माझ्याकडे बघून हसला. थोरल्या भावाने सांगितलं म्हणजे संपलं! पाच मिनिटांत दोरी ढिली पडली.

पोलिसांनी विचारलं तेव्हा तोंडातून आपसूक निघालं: कंदील सोडला होता, जळत होता. कुणी शंका घेतली नाही. मुकादमाचा सख्खा भाऊ, कोण शंका घेणार?

आणि खरी भीती पुढे आहे. तिसऱ्या दिवशी घाटावर सावडून आलो, शेडात गेलो, तर कंदील खुंटीवर! काच लख्ख पुसलेली, वात नवी. म्हणजे कोणीतरी तो आणून लावला. म्हणजे कोणाला तरी ठाऊक आहे की त्या दिवशी तो तिथे नव्हता. मी खोटं बोललो ते ठाऊक आहे. दोन वर्षं मी गावातलं प्रत्येक तोंड बघतोय — हा का? ही का? न्हावीसुद्धा. वस्तरा हातात घेऊन गप्प उभा होता, आणि मला वाटलं, याला माहीत आहे.

आता विजयमालाला बोलायचंय. तिला कोणीतरी सांगितलं. नक्की.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शरयूताईंना सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. वाटलं होतं छत कोसळेल. त्यांचे डोळे भरले, एवढंच. म्हणाल्या, 'फार वाईट झालं, आकारामभाऊ.' चूक नाही तुमची, असं खोटं समाधान दिलं नाही. बरं केलं. दिलं असतं तर पुन्हा आलो नसतो.

'इजयमालाला सांगितल्यावर भीती जाईल का?'

'माहीत नाही. भीती जावी म्हणून सांगू नका. ती आत असतानाच तुम्हाला कसं वागायचंय, ते ठरवा.'

मग एक वाईट प्रश्न विचारला. 'तुमचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवायचंय, की तिचं जे आहे ते तिला द्यायचंय?'

घरापर्यंत तोच प्रश्न घोळवत आलो. 

२९ नोव्हेंबर, शनिवार

दोन वर्षं मी काट्यापाशीच उभा राहतो, पोती मोजायला लावतो. पेवाच्या तोंडाकडे पाठ. आज गेलो. का गेलो ठाऊक नाही. गुंडा उतरणार होता, अर्जुनाच्याच वयाचा गडी.

'कंदील आण,' म्हणालो.

दोरीने खाली सोडला. दहा फुटांवर ज्योत बारीक झाली, आणि विझली. तिथेच काठावर बसकण मारली. भीती आली, अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी. गळ्यात, छातीत, पार पायांच्या बोटांत. ये म्हटलं, बस. मनात विचार: मरतोस आता. हा विचार आहे म्हटलं, आणि तोही बसू दे.

गुंडा चुळबुळत होता. 'मुकादम, गाडी थांबलीया. घटकाभरानं उतरू का?'

'न्हाई.'

'शेठ बोंबलत्याल.'

'बोंबलू देत. मी बसलोय न्हवं हितं!'

दुपारी तीनला कंदील तळापर्यंत गेला आणि जळत राहिला. गुंडा उतरला, हळद वर आली, तोही वर आला. पिवळाधमक, शिंकत. मी त्याचा दंड इतका वेळ धरून ठेवला की तो म्हणाला, 'सोडा की वं आता, मुकादम!'

भीती संध्याकाळपर्यंत होती. मीही होतो.

अर्जुनासाठी एवढंच करायचं होतं. नुसतं बसायचं होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

शरयूताईंना उत्तर दिलं. विजयमालाच्या नवऱ्याचं मरण कसं झालं, ते तिचं आहे. ते मी दोन वर्षं माझ्यापाशी दाबून ठेवलंय. ते परत करायचंय. ती शिव्या देईल, दारात उभं करणार नाही, पोलिसांत जा म्हणेल. म्हणेल ते.

'भीती वाटतेय?'

'लय.'

'सोबत घेऊन जा.'

६ डिसेंबर, शनिवार. सातारा

एसटीने आलो! दोन वर्षांनी एसटी. इस्लामपूरपर्यंत खिडकीची दांडी सोडली नाही. कराडच्या अलीकडे झटका. दार बंद, गाडी खच्चून भरलेली, उतरणार कुठे? शेजारची म्हातारी म्हणाली, 'काय हुतंय का, बाबा?' 'भ्या वाटतंय,' म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला असं सांगितलं. ती म्हणाली, 'वाटतंय खरं,' आणि पिशवीतून एक पेरू काढून दिला. मुठीत पेरू धरून साताऱ्यापर्यंत आलो.

मामेभावाकडे उतरलोय. सकाळी मेढ्याची गाडी. परतीची सांगलीची गाडी किती वाजता आहे, तेही विचारून ठेवलंय. माझा मला भरवसा नाही.

पण ठरलंय. उद्या तिने काही विचारायच्या आधी मीच बोलणार.

७ डिसेंबर, रविवार. मेढा

तीच आधी बोलली. पानं उठल्यावर मला परसात नेलं आणि एकदम पायांवर डोकं ठेवलं. 'भावजी, कंदील त्या दिशी माझ्या घरात हुता. आदल्या दिशी ह्यांनी वात बदलाया आणलेला. सकाळी मी शेडात पोचिवते म्हणाले, आन् इसरले. तुमी सगळे सावडाया गेलासा तवा मीच खुंटीला अडकिवला. आन् तुमी माझ्यावर बोल येऊ न्हाई म्हणून पोलिसास्नी खोटं सांगितलंसा. दोन वरसं तुमास्नी तोंड दावाया भ्या वाटतंय मला.'

गप्प बसलो असतो तर देव झालो असतो. तीच भीती, तोच गळा. बसू दिली. मग सांगितलं — तुझ्यासाठी नव्हे. खुंटी रिकामी बघूनसुद्धा मी त्याला उतर म्हणालो. खोटं बोललो ते माझ्यासाठी.

ती हळूहळू उठून उभी राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, 'म्हंजी... माझ्यामुळं न्हाई गेलं ते?'

'न्हाई,' म्हणालो.