आतून न उघडणारं दार

१८ मार्च १९९९, गुरुवार. पाडवा.
ही वही फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर सुवाच्य ठेवावं. पुढे कोणाला लागलीच तर.

आज गाडी आली. स्कूटरसाठी नंबर लावून आठ वर्षं थांबलेल्या पिढीतला मी माणूस. आज तीन रंगांतून रंग निवडला. ग्राहक स्वतंत्र झाला. तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, आज ते चालवून पाहिलं.

उत्कर्ष मोटर्सवाले म्हणत होते, सर, आज गर्दी आहे, गाडी कात्रजच्या वर्कशॉपला दोन दिवस ठेवू, नीट तपासून देऊ. मी म्हणालो, मुहूर्त अकरा दहाचा आहे. मुहूर्तावर माझा विश्वास नाही, पण हेमाचा आहे. हेमा म्हणाली, माझाही नाही, तपासून घ्या. पण तोवर हार घातला होता. ‘गाडी तपासून समाधानकारक स्थितीत मिळाली’ अशा छापील कागदावर सही केली. नंतर घरी वाचला. आयुष्यभर वाचतच आलोय, एक कागद राहिला तर बिघडलं कुठे.

१९ मार्च. सकाळी ७.
ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. बाहेरून लोण्यासारखं उघडतं. उपाय सापडला. काच खाली करायची, हात बाहेर काढायचा, बाहेरची मूठ ओढायची. अडचण आली की बुद्धी चालते. किरकोळ गोष्ट आहे.

२१ मार्च, रविवार.
सोसायटीच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान. विषय: नवे अर्थकारण आणि मध्यमवर्ग. दीड तास. माईक बंद पडला, कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी खिडकीतून गाडीकडे बोट दाखवलं. म्हणालो, ती केवळ गाडी नाही, ते एक विधान आहे. टाळ्या.

नंतर तळमजल्यावरचे बापूराव आले. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत. कोणताही कागद दोनदा वाचल्याशिवाय खिशात घालत नाहीत. म्हणाले, आनंदीला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर स्कूटरवर बसता येत नाही. रिक्षाच्या हिसक्यांनी रडते. लोणी काळभोरला बहीण आहे, वर्ष झालं भेट नाही. आपण म्हणता तर हीच गाडी बुक करतो.

मी म्हणालो, डोळे मिटून करा.

दाराचं सांगणार होतो. पण एवढ्या व्याख्यानानंतर दाराबद्दल बोलणं बरं दिसलं नसतं.

२४ मार्च, बुधवार.
मंडईजवळ गाडी डावीकडे वळवली की हॉर्न वाजतो, असा शोध लागला. मंडईला सगळी वळणं डावीकडेच आहेत. वांगीवाली म्हणाली, काका, लग्न कोणाचं? हेमा भाजी न घेताच पीएमटीच्या बसने घरी गेली.

२७ मार्च, शनिवार.
कात्रजचं वर्कशॉप. सर्व्हिसचा माणूस शुभंकर. टाय, हसरा चेहरा. मी चाळीस मिनिटं बोललो. ग्राहक हा बाजारपेठेचा सार्वभौम राजा आहे इथपर्यंत आलो. तो प्रत्येक वाक्याला म्हणाला, सर, अगदी बरोबर आहे तुमचं. विरोध करणाऱ्याशी मी लढू शकतो. सहमत होणाऱ्याशी कसं लढायचं, याचा कुठल्याच पुस्तकात उल्लेख नाही.

दाराचा पार्ट कंपनीकडून यायचा आहे. हॉर्न ‘करून दिला’. म्हणजे वायर काढली. आता कुठेही वळा, वाजत नाही. समोर बैल आला तरी वाजत नाही. शुभंकर म्हणाला, हजार किलोमीटर झाले की सगळं सेट होईल सर.

३० मार्च, मंगळवार. सकाळी ६.३०
बॅटरी उतरली. गाडी ढकलली. ढकलायला कोण यावं? बापूराव. स्लिपर घालून, धापा टाकत. वर विचारलं, नव्या गाडीला धक्का लागतो का हो? मी म्हणालो, सुरुवातीला अधूनमधून द्यावा, इंजिन मोकळं होतं. त्यांनी खिशातली डायरी काढून तारीख घालून लिहून घेतलं. मला बरं वाटलं नाही. पण त्यांना ते शास्त्रशुद्ध वाटलं असणार.

२ एप्रिल.
डावं दारही आतून उघडेना. मागच्या दोन्ही दारांना लहान मुलांसाठीची कुलपं वर्कशॉपने लावून ठेवली आहेत, ती निघत नाहीत. शुभंकरला फोन केला. तो म्हणाला, सर, म्हणजे आता चारी दारं सारखी झाली.

५ एप्रिल, सोमवार.
हेमा म्हणाली, अहो, बापूरावांना सांगा. अजून बुकिंग रद्द होईल. मी म्हणालो, सत्याला व्यासपीठ लागतं. ती म्हणाली, बापूराव खालीच राहतात, दोन जिने उतरले की झालं.

स्त्रियांना सार्वजनिक जीवनाची कल्पना नसते. मी भर सभेत सांगितलेलं जिन्यात मागे घ्यायचं? मग माणसं माझ्या बाकीच्या विधानांबद्दलही विचारायला लागतील.

त्यापेक्षा उत्कर्ष मोटर्सचे मालक हिंमतराव यांना पत्र लिहिलं. चौदा पानं. पहिली सहा पानं औद्योगिक क्रांतीवर आहेत. दाराचा विषय अकराव्या पानावर येतो.

९ एप्रिल, शुक्रवार.
पत्राचा परिणाम. हिंमतराव स्वतः घरी आले. पांढरे कपडे, पेढ्यांचा बॉक्स. म्हणाले, श्रीधरपंत, काय लिहिता हो. सहाव्या पानापर्यंत वाचलं, बायकोला वाचून दाखवलं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पंचवीस गाड्यांची डिलिव्हरी आहे. ग्राहक मेळावा ठेवलाय. प्रमुख पाहुणे तुम्ही. दोन शब्द बोला, आणि तुमच्या शुभहस्ते किल्ल्या द्या.

मी गंभीरपणे होकार दिला. सापळा त्यांच्या लक्षात आला नाही. त्यांच्याच मंडपात, त्यांच्याच माईकवर, पंचवीस कुटुंबांसमोर मी सगळं उघडं करणार. बापूरावांची गाडी त्या पंचवीसात आहे. किल्ली हातात पडण्याआधीच वाचतील. जिन्यात सांगितलं असतं तर एकटेच वाचले असते.

हेमाला योजना सांगितली. ती म्हणाली, आणि पेढ्यांचा सापळा कोणाच्या लक्षात आला?

१४ एप्रिल, बुधवार.
बापूराव आनंदीवहिनींना गाडी ‘बसून पाहायला’ घेऊन आले. एक हात काठीवर, एक त्यांच्या खांद्यावर. बसल्या. सीटवरून हात फिरवला. म्हणाल्या, भाऊजी, पाय पसरता येतो हो. मग मला विचारलं, दार जड नाही ना? आतून मला जोर लागत नाही.

मी लगबगीने बाहेरून दार उघडलं. वहिनी म्हणाल्या, पाहा, शिका काही यांच्याकडून.

बापूराव म्हणाले, शिकतोय.

रात्री जेवण गेलं नाही. चार दिवस राहिले आहेत. फक्त चार दिवस गप्प राहायचं.

१७ एप्रिल, शनिवार.
भाषण तयार. पंधरा मिनिटं. पहिलं वाक्य: ‘मित्रहो, मी तुमची फसवणूक केली आहे.’ आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा डोळे भरून आले. हेमा दारातून म्हणाली, हे इतकं चांगलं झालंय, तर आत्ता खाली जाऊन म्हणा ना.

संकल्प: उद्या काहीही झालं तरी माघार नाही.

१८ एप्रिल, रविवार. अक्षय्य तृतीया.
घडलं ते क्रमाने लिहितो.

हेमा, वहिनींना हाताचा आधार द्यायला, बापूरावांबरोबर रिक्षाने पुढे गेली. मी एकटा गाडीने. इस्त्रीचा झब्बा घामेजू नये म्हणून काचा वर, एसी चालू. ९.४० ला कात्रजला उत्कर्षच्या आवारात पोचलो. मंडपाच्या मागे गाडी लावली आणि ती बंद पडली. बॅटरी गेली. काचा बटणावर चालतात, त्या वरच राहिल्या. चारी दारं सारखी. हॉर्नची वायर शुभंकरकडे.

गाडीला कुलूप नव्हतं. बाहेरून कोणीही, अगदी लहान मूलही, दार उघडू शकलं असतं. हे लक्षात ठेवायला हवं.

९.५० ला बापूराव मला शोधत आले. काचेजवळ उभे राहिले. मी दाराकडे हात केला, मूठ ओढून दाखवली, काचेवर हात आपटला. ते मान हलवत पाहत राहिले. तेव्हा माझ्या मनात आलं, हेच ते व्यासपीठ. किल्ली मिळायला अर्धा तास आहे. हाच तो क्षण. आणि मी बोललो.

मित्रहो, मी तुमची फसवणूक केली आहे. तिथून शेवटपर्यंत. दार, हॉर्न, बॅटरी, धक्का, तो न वाचलेला कागद, वहिनींचा गुडघा. एक शब्द शिल्लक ठेवला नाही. घामाने झब्बा अंगाला चिकटला. आयुष्यात इतकं चांगलं कधी बोललो नाही. आत आवाज घुमत होता. बाहेर मंडपातल्या कर्ण्यावर सनई लागली होती.

संपलं तेव्हा बापूरावांनी टाळ्या वाजवल्या. मग बोट ओठांवर ठेवून, सराव चालू आहे, त्रास नको, अशी खूण एका माळ्याला केली आणि निघून गेले.

१०.२० ला शुभंकरने बाहेरून दार उघडलं. म्हणाला, सर, आत काय करताय, सगळे थांबलेत.

स्टेज. हिंमतरावांनी खांद्यावर शाल घातली. डाव्या हातात श्रीफळ दिलं, उजव्यात पुष्पगुच्छ. खेड्यापाड्यांपासून, पेठांपासून, कोथरूडच्या कॉम्प्युटरवाल्यांपर्यंत, ज्यांनी आमच्या गाडीला शब्द दिले ते श्रीधरपंत, असं काहीतरी म्हणाले. माझे दोन्ही हात अडकले होते. हातांशिवाय मी बोलू शकत नाही. शिवाय अंगावर शाल घेऊन यजमानाला शिव्या घालायच्या, ही पुण्याची रीत नाही. आणि एकच भाषण एका सकाळी दोनदा करायचं नाही, हे माझं जुनं तत्त्व आहे.

चाळीस मिनिटं बोललो. म्हणालो, ही केवळ गाडी नाही.

हेमा मध्येच उठून गेली.

सातवी किल्ली बापूरावांची होती. वहिनी काठी टेकत स्टेजखाली आल्या, म्हणाल्या, भाऊजी, तुमच्या हातून मिळाली, आता काळजी नाही.

१९ एप्रिल.
श्रीफळ कोणी फोडलं नाही. हेमा बोलत नाही. शालीचा रंग बरा आहे.

२२ एप्रिल, गुरुवार.
बापूरावांची गाडी अजून उत्तम चालते. प्रत्येक गाडी सारखी नसते, हे मला आधीपासून वाटत होतं. म्हणजे गप्प राहिलो ते योग्यच झालं. उगाच एका वृद्ध जोडप्याचा आनंद हिरावला असता.

माझी गाडी वर्कशॉपला. पार्ट यायचा आहे.

२७ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ६.
बापूराव आणि वहिनी लोणी काळभोरहून परतले. बापूराव उतरून चाकातली हवा पाहायला मागे गेले. वहिनी आतच. मी गॅलरीतून पाहत होतो. त्या मूठ ओढतात, पुन्हा ओढतात. मग काचेवर तळवा टेकून, बापूरावांच्या पाठीकडे पाहत बसल्या. हाक मारत नव्हत्या. बहुधा चूक आपल्याच हाताची आहे असं वाटलं असावं.

मी ओरडलो, वहिनी, काच खाली करा, हात बाहेर काढा, बाहेरची मूठ ओढा.

माझा आवाज मोठा आहे. सगळी सोसायटी गॅलरीत आली. वहिनींनी तसं केलं. दार उघडलं.

बापूरावांनी वर पाहिलं. मग खिशातली डायरी काढली, मागची पानं चाळली. दोन जिने चढून वर आले, बाहेरच उभे राहिले. चप्पल काढली नाही. विचारलं, त्या दिवशी काचेआड आपण सारखी मूठ ओढत होतात. मला वाटलं, मुद्दा ठसवताय.

मी म्हणालो, मुद्दाच ठसवत होतो.

ते म्हणाले, असं. आणि उतरून गेले.

रात्री ९. संकल्प: उद्या सकाळी खाली जायचं. सगळं सांगायचं. शालीशिवाय, माईकशिवाय. फार तर पाच मिनिटं.

२८ एप्रिल, बुधवार.
गेलो होतो. बेल वाजवली. आत काठीचा आवाज आला, मग बापूरावांच्या स्लिपरचा. दाराशी येऊन दोन्ही थांबले. मी भाषणाचं पहिलं वाक्य म्हणालो. दार उघडलं नाही.

आतून उघडत नसावं.