क्लच सोडण्याआधी

जळकोट,
एप्रिल २०२४

प्रिय सुगत,

जयभीम आणि आशीर्वाद. काल तुझा फोन दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी "नंतर सांगते" म्हणून ठेवून दिला, त्यामुळे तू रागावला असशील. रागाव. उभी नोकरी टेलिफोन खात्यात लोकांचे कॉल जोडण्यात गेली, तेव्हा कोणती गोष्ट तारेवरून बोलावी आणि कोणती बोलू नये, एवढं मला कळतं. शिवाय तुझा फोन आला की तुझे बाबा स्पीकर लावायला सांगतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. त्यांच्या देखत जे बोलता येत नाही ते कागदावर लिहिते आहे. स्पीड पोस्टाने तीन-चार दिवसांत पोचेल. तोवर कोणतीही गाडी बुक करू नकोस.

तुझं म्हणणं असं की बाबांच्या डाव्या गुडघ्याला क्लचचा त्रास होतो, म्हणून महिनाअखेरीच्या आत ऑटोमॅटिक पिकअप घेऊन टाकू. घेऊन टाकू, म्हणजे चाकणला खुर्चीत बसून. तू पाठवलेली माहितीपुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर लोकांनी हातावर छड्या मारून मला इंग्रजी शिकवलं ते असल्या बढाया वाचण्यासाठी नव्हे, पण वाचली. त्यात नदी आहे, वाळवंट आहे, गॉगल लावलेला एक पुरुष आहे. हजार लिटरची टाकी मागे बांधून बोअरपासून चढावरच्या वस्तीपर्यंत दिवसभर खेपा घालणारा म्हातारा त्यात कुठे सापडला नाही.

इकडची परिस्थिती तुला बातम्यांत दिसते तेवढीच माहीत. तिरू नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. सरकारी टँकर वस्तीच्या गल्लीत वळत नाही म्हणून तो खाली रस्त्यावरच उभा राहतो, आणि म्हातारी माणसं घागरी घेऊन चढ चढतात. आपल्या बोअरला अजून पाणी आहे. का आहे हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून कुणी मोठ्याने बोलतही नाही. तुझ्या बाबांच्या पिकअपचा आवाज आला की वस्तीतली गुरम्मा आधी आपली घागर ठेवते आणि मग बाकीच्यांना हाका मारते. मागे एकदा मला म्हणाली, "काकू, तुमच्या मालकाला म्हणावं दमानं चालवा, टाकीतलं पाणी डचमळून अर्धं रस्त्याला पाजून राहिले." मी म्हटलं, तू स्वतःच सांग, माझं कधी ऐकलंय त्यांनी.

तर गाडीविषयी माझं मत ऐक. इथे बॅटरी उतरली की चार माणसं धक्का देतात आणि क्लचवाली गाडी सुरू होते. ऑटोमॅटिक तशी सुरू होत नाही, हे मी सिद्धरामला विचारून घेतलं. सिद्धराम म्हणजे पलीकडच्या शेतातला, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचा तो. दुसरं म्हणजे भरल्या टाकीने उतार उतरताना बाबा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धरून ठेवतात. ऑटोमॅटिकमध्येही तसं करता येतं असं तुझं पुस्तक म्हणतं, पण त्यासाठी कोणतं बटण दाबायचं हे लक्षात ठेवावं लागतं. लक्षात ठेवायला लागणारी गोष्ट मला आता गाडीत नको आहे. गिअर टाकताना त्यांना काही आठवावं लागत नाही. हात आपोआप जातो.

तरी तुझा मान राखायचा म्हणून गेल्या महिन्यात आम्ही नांदेडच्या शोरूमला जाऊन आलो. तिथल्या पोराने मला "आजी" म्हटलं आणि सगळी माहिती बाबांना सांगितली, जणू मी सोबत आणलेली पिशवी होते. चालवून बघायला गाडी बाहेर काढली. मी मागे, तो पोरगा पुढे शेजारी, बाबा स्टिअरिंगवर. निघण्याआधी त्यांनी मान वळवून विचारलं, "सुगत चढला का?" पोरगा मागे वळून माझ्या शेजारची रिकामी सीट बघायला लागला. मी म्हटलं, "चढला, चला." गाडी मस्त निघाली. थोडा वेग आल्यावर गिअर बदलायला म्हणून त्यांनी सवयीने डावा पाय जोरात दाबला, आणि क्लच तिथे होताच कुठे. पाय ब्रेकवर पडला. गाडी भर रस्त्यात खाडकन थांबली, पोराचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं, मागच्या रिक्षावाल्याने आपल्या घराण्याचा उद्धार केला. बाबा मात्र खूश. "बघ सिंधु, पाय कसा मस्त चालून राहिलाय, डॉक्टर उगाच घाबरवतो," म्हणाले.  उतरल्यावर पोरगा मला हळूच म्हणाला, "मॅडम, बाबांना सवय होईल." आजीची मॅडम झाले एवढाच त्या दिवसाचा फायदा.

"सुगत चढला का" हे तुला आठवतं की नाही? तू पहिलीत असशील. एक पाय जीपच्या पायरीवर आणि एक जमिनीवर असतानाच त्यांनी क्लच सोडला होता. तुझी हनुवटी फुटली, ती खूण दाढीखाली अजून असेल. तेव्हापासून सरकारी जीप असो की स्वतःची गाडी, तू सोबत असलास की विचारल्याशिवाय त्यांनी चाक हलवलं नाही. तू शिकायला गेलास तेव्हा ते विचारणं बंद झालं होतं. मागच्या दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं.

इकडे सध्या नव्या जिल्ह्याची हवा आहे. उदगीर जिल्हा होणार, होणार, अशी आवई दर उन्हाळ्यात उठते. रस्त्याकडेच्या जमिनींवर पाट्या लागल्या आहेत. चहाच्या टपरीवर बाबा सगळ्यांना सांगतात, "नवा जिल्हा होऊन राहिलाय, आता पाण्याची काळजी न्हाई." लोक माना डोलावतात. शेषेराव तलाठी म्हणाले, रामकिशनदादांना वरची बातमी असणार, कलेक्टर कचेरीत गाडी चालवलेला माणूस आहे. मीही हसले. पण ते उदगीरविषयी बोलत नव्हते, सुगत. ते लातूरविषयी बोलत होते. उस्मानाबादेतून फायलींच्या पेट्या जीपमध्ये घालून त्यांनी लातूरला नेल्या, ते ब्याऐंशी साल. नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं, आपला जिल्हा कोणता. बाबा म्हणाले, "आजवर उस्मानाबाद. ऑगस्टपासून लातूर." तरुण डॉक्टर आधी हसले. मग हसू थांबवून त्यांनी ते लिहून घेतलं. आम्ही नांदेडला गुडघा दाखवायला गेलो नव्हतो.

मागच्या पंधरवड्यात ते भरली टाकी घेऊन निघाले आणि वस्तीकडे वळलेच नाहीत. गुरम्माची घागर तशीच रिकामी राहिली. शेवटी तिने माणूस पाठवला, मग मी सिद्धरामला मोटरसायकलवर पिटाळलं. गाडी लातूरच्या वाटेवर एका चढाला सापडली. रस्त्याच्या मधोमध बंद पडलेली. क्लच न दाबताच थांबवायला गेले असावेत, इंजिन गप्प झालं. सिद्धरामला त्यांनी ओळखलं नाही, पण रागावले, की साहेब वाट बघत असतील आणि तू गाडीला धक्का का देत नाहीस. त्याने शहाणपण दाखवलं. "हाव साहेब, देतो," म्हणाला, आणि त्यांना पलीकडे सरकवून स्वतः चालवत घेऊन आला. तुझी ऑटोमॅटिक अशी बंद पडली नसती. ब्रेकवरून पाय काढला की ती आपली पुढे सरकत राहते, असं तुझ्याच पुस्तकात कौतुकाने लिहिलंय. कुठे जायचं हे विसरलेला माणूस तिच्यात डिझेल संपेपर्यंत गेला असता.

तेव्हापासून खेपा सिद्धराम घालतो. वस्तीचं पाणी एक दिवसही चुकलेलं नाही. बाबा त्याच्या शेजारी बसतात आणि त्याने गिअर बदलला की यांचा डावा पाय खाली पत्र्यावर दाबला जातो. चावी माझ्या कमरेला असते. दादागिरी करते आहे असं ते सगळ्यांना सांगतात. सांगू देत.

आता मूळ गोष्ट. रोज सकाळी सिद्धराम येण्याआधी बाबा बंद गाडीत स्टिअरिंगवर जाऊन बसतात. चावी मागत नाहीत. क्लच दाबतात, पहिला गिअर टाकतात आणि डावीकडे बघून विचारतात, "सुगत चढला का?" मी अंगणातून सांगते, "चढला." मग ते क्लच सोडतात आणि बराच वेळ समोर बघत निवांत बसतात. काल मला तुझा भयंकर राग आला होता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. भांडी घासत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. बघायला गेले तर पाय तसाच दाबलेला, मांडी थरथरत होती, त्याच दुखऱ्या पायाची, आणि मान तुझ्या बाजूला वळवलेली. मी बोलेपर्यंत त्यांनी क्लच सोडला नाही. माझं नाव त्यांना कधी सापडतं, कधी नाही. तुझं अजून एकदाही चुकलेलं नाही, पण डॉक्टर म्हणतात, तेही जाईल. म्हणून गाडी नको, कसलीच नको. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघणाऱ्या बसमध्ये बस. सकाळी मी डाव्या बाजूचं दार उघडं ठेवीन. ते विचारतील तेव्हा मी गप्प राहणार आहे.

तुझीच,
आई