फळ्यावरच्या अकरा रेघा

तीर्थरूप बाबा,

चरणी नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आई तिच्या गुडघ्यांना तेल लावते ना?

इथे दवाखान्यात फिजिओथेरपिस्टांना जुन्या कंबरदुखीवर नवीन प्रशिक्षण देत आहेत. मदतनीस म्हणून मलाही बसवतात. काल मला एका पेशंटला खुर्चीतून उठवायचं होतं. मी "जपून" म्हटलं की शिकवणाऱ्या बाई फळ्यावर एक रेघ मारत. अकरा रेघा झाल्या. बाई म्हणाल्या, "अरे, ते कंबरेला नाही, तुला घाबरलेत!" सगळे हसले.

मला हसू आलं नाही. तुमची कंबर धरली तेव्हा गादीखाली फळी मीच घातली. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, काही मोडलेलं नाही, चालायला लागा. तरी उठू नका, वाकू नका, हे मीच बजावलं. चार महिने तुम्ही माझ्या शब्दावर पडून आहात.

बाबा, माझं चुकलं. आज दारापर्यंत चला. थोडं दुखेल, पण दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही. आई, त्यांचा हात धरू नकोस, नुसती बरोबर चाल.

दारापर्यंत पोचलात की लगेच कळवा. तोवर माझा जीव टांगणीला आहे.

दर पत्राच्या शेवटी मी "जपून राहा" लिहितो. आज लिहीत नाही.

तुमचा,
धाकटा