धुतल्यावर उरलेला हिरवा

३ मार्च, सोमवार
कण पुन्हा विझले! सकाळी बाटलीवर यूव्ही टॉर्च मारला तर असा हिरवा उजेड, की शेजारच्या टेबलावरची मिनल खुर्चीवरून उठून आली. दोनदा धुतलं — उजेड थेट चाळीस टक्क्यांवर.

न धुऊन चालत नाही. पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाच्या या बारीक कणांभोवती तेलकट रेणूंचं आवरण असतं. जास्तीचं तेल राहिलं तर एलईडीत करंटच जात नाही. आणि धुवायला गेलं की कामाचं आवरणही निघून जातं, कण उघडे पडतात. सहा महिने याच एका दुखण्यापायी डोकं फोडतेय.

सिद्धेश सर म्हणाले, "मैत्री, अठ्ठावीसला चाकणच्या कंपनीचे लोक काम बघायला येतायत. धुतल्यावर नव्वद टक्के दिसले नाहीत, तर हे काम बंद." म्हणजे मी परत क्यूसीला, दिवसभर लेबलं तपासायला!

७ मार्च
आज धुतल्यावर एक्कावन्न टक्के. रडू आलं होतं. रडले नाही, डबा खाल्ला.

९ मार्च, रविवार
सकाळपासून माझी कटकट चालू. पप्पा गॅलरीत बसून ऐकत होते. एकतीस वर्षं भोसरीच्या प्लेटिंग शॉपमध्ये, लोखंडावर चकचकीत मुलामा चढवण्यात काढलीत त्यांनी. म्हणाले, "आमच्याकडं जॉब ॲसिडमधून काढून धुतला की उघडा ठेवत नसू बघ. पुढची टाकी आधीच तयार. हवा लागली की गेला तो!" मी म्हटलं, पप्पा, तुमचा जॉब म्हणजे गाडीचा बंपर, माझा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही! हसले. मग मटण आणायला गेले.

१२ मार्च
सुचलं! बसमध्ये, तळवड्याच्या सिग्नलला! आधी धुवायचंच नाही. आधी दुसरं आवरण द्यायचं — ब्रोमाइडचं, घट्ट धरून बसणारं. जुनं सुटेल तिथे नवं हजर. कणाला उघडं पडायला वेळच द्यायचा नाही. इतकं साधं कसं सुचलं नाही कुणाला? मला सुचलं!

१३ मार्च
त्र्याण्णव!!!

तीनदा मोजलं. मिनललाही मोजायला लावलं. त्र्याण्णवच. काळेवाडीची मैत्री ओव्हाळ, बाई, तू भारी आहेस!

२८ मार्च, शुक्रवार
जिंकलो. चाकणचे लोक खूश, काम चालू राहणार. पप्पांना मुद्दाम नेलं होतं. इस्त्रीचा शर्ट, नवी चप्पल. खोलीत अंधार करून एलईडी लावला आणि त्यांचा चेहरा हिरवा झाला.

सर म्हणाले, "काका, धुवायच्या आधीच दुसरं आवरण तयार ठेवायचं, हे डोकं एकट्या तुमच्या पोरीचं बरं का!" पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय साहेब, लहानपणापासून हुशारच आहे ती." केवढी फुगले मी! पेटंटच्या अर्जात 'कल्पना कोणाची' तो रकाना सरांनी मलाच भरायला दिलाय.

२९ मार्च
अर्जात कल्पना सुचल्याची तारीख हवी होती, म्हणून ही वही चाळली. बाराच्या आधी नऊ तारीख लागली: 'पुढची टाकी आधीच तयार.' माझ्याच अक्षरात.

पप्पांनी काल ओळखलं होतं. तरी बोलले नाहीत.

रकान्यात माझ्या नावाच्या वर लिहिलं — साहेबराव ओव्हाळ, प्लेटर.