भट्टी पुन्हा बंद पडली

यॉर्क्टन, १९ जानेवारी

प्रिय मायरन,

आज इकडे उणे चौतीस आहे. तुझ्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरियात म्हणे या दिवसांतही कुंपणावर गुलाब दिसतात. असू देत. मी कुशल आहे, गुडघा सोडला तर. लिहायचं होतं ते आपल्या भट्टीबद्दल.

नोव्हेंबरपासून तळघरातली, सगळं घर तापवणारी भट्टी सारखी बंद पडत होती. थर्मोस्टॅटवर वीसचा आकडा लावलेला आणि स्वयंपाकघरात माझ्या तोंडातून वाफ! मी बॅटऱ्या बदलल्या, फिल्टर बदलला, बाहेरच्या नळीच्या तोंडावरचं बर्फ काठीने झोडून काढलं. बाबा तर रोज हत्यारांची पेटी घेऊन खाली. त्यांच्या हाताने कधी सुरू व्हायची, दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा घर थंडगार. नाताळच्या सणाच्या संध्याकाळी बारा पदार्थ मांडले होते आणि आम्ही दोघं टेबलाशी कोट घालून बसलेलो. बीटाचं सार वाढता वाढता निवलं, आणि माझा तोल गेला. म्हटलं, "चाळीस वर्षं गावाची घरं उबदार केलीत, आणि स्वतःच्या बायकोला कुडकुडत ठेवता? जमत नसेल तर सांगा ना तसं!" त्यांनी हातातला चमचा ठेवला, पेटी उचलली आणि खाली गेले.

लोरेटाला तीनदा बोलावलं. तू गेल्यावर बाबांनी हाताखाली घेतलेली तीच. आता तिचा स्वतःचा धंदा आहे. ती यायची तेव्हा भट्टी ठणठणीत चालू असायची. नवा थर्मोस्टॅट लावून पाहिला, तारा तपासल्या. तिसऱ्या खेपेला मात्र ती बराच वेळ खालीच राहिली. वर आली आणि हात न धुताच माझ्यासमोर बसली. बाबा बाहेर बर्फ ओढत होते. म्हणाली, "काकू, भट्टीला काही झालेलं नाही. ज्योत पेटली की नाही हे ओळखणारी एक सळई असते आत. मळली तर वर्षातून एकदा पुसायची. ही तर घासून घासून दोऱ्यासारखी झालीय. झाकणाचे स्क्रू बघा, रोज उघडल्यासारखे." मग खाली बघत म्हणाली, "वासिलकाकांवर जरा लक्ष ठेवाल?"

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या दारामागे उभी राहून मी पाहिलं. भट्टी छान चालू होती. बाबांनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. वीज तोडल्याशिवाय भट्टीला हात लावायचा नाही, हे तुला लहानपणी त्यांनीच शिकवलंय. झाकण काढलं, सळई पुसली, पुन्हा बसवली. किती सुरेख हात चालत होते, मायरन! एक स्क्रू चुकला नाही. मग वर आले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाले, "झालं बघ. आता नाही बंद पडायची." बटण तसंच बंद राहिलं होतं. तासाभराने अंगावर स्वेटर ओढत मला म्हणाले, "ओरिसिया, भट्टी पुन्हा बंद पडली गं."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. सणाच्या दिवशीचं माझंच बोलणं कानात वाजत होतं.

रेजायनाच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते एव्हाना तू ओळखलंच असशील. पुढच्या हिवाळ्यापर्यंत बाबा मलाही ओळखतील का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

तळघराला कुलूप लावलं, ते त्यांना सहन झालं नाही. कडी हलवत, रडवेले होऊन म्हणाले, "माझ्याच घरात मला कुलूप? मी काय चोर आहे?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "मायरन येऊन गेला. त्याने सगळी भट्टी नीट केलीय, आता कुणी हात लावायचा नाही म्हणालाय." तू गेल्यापासून अकरा वर्षांत तुझं नाव या घरात मोठ्याने घेतलेलं नव्हतं. धंद्याच्या गाडीवर रंगवलेलं 'हॉलुक आणि मुलगा' त्यांनी स्वतः खरवडून काढलं होतं. मला वाटलं, आता भडका उडणार. पण त्यांनी कडी सोडली. म्हणाले, "मायरन? मला उठवलं का नाहीस?" मग खुर्चीत बसले. भट्टीचा आवाज ऐकत राहिले. म्हणाले, "चांगली चालतेय. हात बसलाय त्याचा."

त्या दिवसापासून ते दाराकडे फिरकलेले नाहीत. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये बटाटा भरलेले पेरोही खाता खाता शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत होते, माझ्या मुलाने केलंय म्हणून. त्यांनी तुला माफ केलं असं लिहावंसं वाटतं, पण काय माफ करायचं होतं तेच त्यांच्या लक्षात उरलेलं नाही. आणि तू त्यांना माफ करायचंस की नाही, हे मी तुला सांगणार नाही.

पण येत्या रविवारी दुपारी ते तुला फोन करणार आहेत. चार दिवस घोकतायत. नक्की काय बिघडलं होतं ते तुझ्याकडून ऐकायचंय त्यांना. म्हणून हे पत्र. खोटं बोलणं तुला कधी जमलं नाही, आपल्या घरातून तू गेलास तोही खरं बोलूनच. एवढ्या वेळेला फोन उचल, आणि हो म्हण.

तुझीच,
आई