टाकीच्या तळाला शेतातली माती

आये, तुझ्या तुळशीच्या कुंडीतली माती मी काढली. बाळकुमचं आपलं शेत बिल्डरला दिलं तेव्हा तू पाटीभर भरून ठेवलेलीस, तीच. त्या शेतावरच्या बिल्डिंगमध्ये आपण चौथ्या मजल्यावर राहायला आलो, आणि तीन वर्षांत तू गेलीस. तुळस आम्ही दोनदा बदलली, माती तीच ठेवली. वरून शेणखत घालत आलो.

तू गेलीस तेव्हा नात तुझी दुसरीत होती. आता बंगळूरला नोकरी करते. ती निघाली त्या दिवशी मी दारात म्हणालो, "जायचंय तर जा, परत यायची घाई करू नकोस." तिनं ते मनावर घेतलं. आईशी तासभर बोलते, माझ्याशी फक्त तिच्या माशांच्या टाकीबद्दल. कॉलेजात असताना तिनं ती हॉलमध्ये लावलेली. आत खरी झाडं, त्यांत गप्पी मासे. पाणी बदललंत का, खाणं जास्त नाही ना घातलं, एवढंच विचारते. मी उत्तरं लांबवत राहतो.

गणपतीनंतर झाडं पिवळी पडायला लागली. व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, "खालची माती संपली पप्पा. पाच वर्षं झाली, तिच्यात काही उरलं नाही. नवी घालावी लागेल, पण सगळी एकदम नको हां. एक कोपरा करा, आठवडाभर थांबा, मग दुसरा. आणि दुकानातलीच आणा."

मला हसू आलं. माती विकत आणायची, आणि तीही मी? डोळ्यांसमोर आलं, मी दहा वर्षांचा आहे, आवणी चाललीय, पोटरीभर चिखलात उभा राहून मी लावणीसाठी भाताची रोपं मुठीनं उपटतोय. तू पाठीत धपाटा घालतेस. "हलू खेच रं, मुलां तुटतील." मुळांना तू मुलांच म्हणायचीस. आणि त्याच चिखलाच्या हातानं माझं नाक पुसतेस.

रविवारी सकाळी मी कामाला लागलो. कोपरा वगैरे काही नाही, म्हटलं एकदाच करून टाकू. मासे आतच होते. जुना थर उकरला तसा तळातून काळा गाळ वर आला, सडक्या अंड्यासारखा वास सुटला. तरी मी कुंडीतली माती पसरली, वर वाळू घातली, झाडं परत खोचली. म्हटलं, पोरगी बघेल, बापाला मातीतलं कळतं. दुपारी ही म्हणाली, "अहो, मासे सगळे वर का आलेत?" तोंडं पाण्याबाहेर काढून श्वास घेत होते. मी बादलीमागून बादली पाणी बदललं. दुकानदाराला फोन केला. त्यानं विचारलं, "शेणखत होतं का मातीत? साहेब, विषच झालं ते त्यांना. मासे तरी आधी बाहेर काढायचे." काढून बादलीत ठेवले, पण तोवर उशीर झालेला. संध्याकाळपर्यंत एकही उरला नाही. मी हातात जाळी घेऊन नुसता उभा होतो.

"सांगून टाका तिला," ही म्हणाली. नाही सांगितलं. ती सगळी माती काढून फेकली, आये, तुझ्या शेतातली शेवटची. दुकानातली घातली. तीन आठवडे कॅमेरा बिघडलाय म्हणत राहिलो, मग तसेच दिसणारे गप्पी आणून सोडले. परवा व्हिडिओ लावला. ती बराच वेळ बघत होती.

"पप्पा, तो फाटक्या शेपटीचा कुठाय?"

"असेल झाडामागे."

तिला कळलं, हे मला कळलं. आता ती या टाकीबद्दलही विचारणार नाही, असं वाटलं. मग ती म्हणाली, "बरं. तुम्ही जेवलात का?"

वर्षभरात टाकी सोडून तिनं विचारलेलं हे पहिलंच. मी "हो" म्हणालो आणि घाईघाईनं फोन तिच्या आईच्या हातात दिला. तेव्हापासून हे कुणाला तरी सांगायचंय. तिला लिहायला बसलो तर कागदावर तुझंच नाव आलं, आणि तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू?

जेवलो नव्हतो गं मी.